वरचा गठ्ठा डासांचा

एक काळजी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. बारकीने घाईत पिशवीतून चुकीचा गठ्ठा बाहेर काढला तर?

बारकी म्हणजे माझी धाकटी. उंची पाच फूट नऊ इंच, पण नाव पडलं ते पडलं. ती घरोघर जाऊन बायकांना विचारते, घरात कोणी मारतं का, धमकावतं का, मदतकेंद्रात कधी गेलात का, गेलात तर तिथे काय म्हणाले. त्या उत्तरांवरून धोरण ठरायचं असतं. पण नवऱ्यासमोर कोणती बाई खरं सांगेल? म्हणून पिशवीत दोन गठ्ठे. खालचा खरा, वरचा डासांचा. बाई एकटी असली की खालचा काढायचा. कोणी डोकावलं की श्वासही न घेता वरच्यावर यायचं. "कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठतं का हो?"

याचा सराव आमच्याच स्वयंपाकघरात झाला. मी बाई, बारकीचे बाबा संशयी नवरा.

"बाहेर जायला कोणाची परवानगी घ्यावी लागते का?" बारकीने विचारलं.

"हो, तुझी. परवा भाजीला निघाले तर म्हणालीस, ऊन आहे, बस घरात."

"आई, नीट उत्तर दे ना!"

इतक्यात बाबा भिवया चढवून आत आले. "काय चाललंय इथे?"

"डास दिवसा जास्त चावतात की संध्याकाळी?" बारकीचा आवाज तसूभर हलला नाही.

"संध्याकाळी." बाबांनी खुर्ची ओढली. "आणि मलाच का चावतात तेही लिही. तुझ्या आईच्या वाटेला एक जात नाही."

"त्यांनाही जिवाची भीती असते," मी म्हटलं.

"बाबा, तुम्ही संशयी नवरा आहात. संशय घ्या."

"घेतोय की. खिडकीची जाळी कोणी उघडी ठेवली?"

सराव तिथेच संपला. बारकी म्हणाली, बाहेरही असंच होतं. पुरुषांना डासांविषयी फार बोलायचं असतं आणि त्यांना आजवर कोणी विचारलेलंच नसतं.

खोटेपणा नको म्हणून बारकीचं ऑफिस डासांचे फॉर्म खरोखरच नगरपालिकेला पाठवतं. झालं काय, महिन्याभरात त्या वस्तीत धुराची गाडी दोनदा फिरून गेली. बायकांचं धोरण चार वर्षं मसुद्यातच आहे. मदतकेंद्र संध्याकाळीही उघडं ठेवावं, या एका ओळीवर उपसमिती बसली, ती अजून उठलेली नाही.

डासांच्या फॉर्मवर ऑफिसचा एक नंबर असतो आणि तो फोन बारकीकडे असतो. आज सकाळी ती अंघोळीला गेलेली, फोन वाजला, मी उचलला.

"ऑफिस ना? लिहून घ्या. काल रात्री सतरा. पैकी नऊ डाव्या पायाला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि उजव्याला?"

"उजव्यात मोजा घातला होता. तुलना करायला."

मी पेन्सिल घेतली. आवाज तुटायला लागला तेव्हा पलीकडे कोणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण हा गृहस्थ एकदम खेकसला, "तुला कोणी विचारलंय? आत हो!" पेन्सिल माझ्या हातातच राहिली. पुढच्याच क्षणी आवाजात पुन्हा मध. "थांबा मॅडम, घरात रेंज नाही. कोपऱ्यावरच्या खांबापाशी येतो." मग खांबापाशी उभं राहून तो चाळीस मिनिटं बोलला. बारकी अंघोळ करून, केस वाळवून, चहा पिऊन मोकळी झाली तरी आमचं पिंपातल्या अळ्यांवरच चाललेलं. मी त्याचं नाव ठेवलं डासशास्त्री.

बारकी बायकांची उत्तरं घरात कधीच सांगत नाही. पण डासशास्त्री ऐकल्यावर तिचं तोंड उतरलं.

"त्या घरी दोनदा गेले, आई. दोन्ही वेळा हा समोर ठाण मांडून. मी येणार म्हणून कामावरसुद्धा जात नाही. त्याच्या बायकोने मला दारात हळूच विचारलं, पुढच्या वेळी तरी माझ्याशी बोलाल ना?"

"मग जा पुन्हा."

"उद्या अकराला जातेय. तिसरी खेप, म्हणजे शेवटची. तिला बोलायचंय, मलाही तिला मदतकेंद्राचा रस्ता सांगायचाय. पण एकटी भेटली नाही तर फॉर्मवर 'अपूर्ण' लिहायचं आणि पुढच्या घरी. अपूर्ण घरं अहवालात धरत नाहीत."

म्हणजे ज्या घरातून नवरा हलतच नाही, नेमकी तीच घरं धोरणाला दिसायची नाहीत. हे ठरवणाऱ्याला कोणी शहाणा म्हटलं असेल?

मी भाजी ढवळता ढवळता म्हटलं, "तो फोनवर चाळीस मिनिटं बाहेर उभा राहतो."

बारकीने माझ्याकडे पाहिलं. मी भाजीकडे पाहिलं.

"आई, तू ऑफिसची नाहीस."

तरी तिने मोठ्या बाईंना, म्हणजे तिच्या वरिष्ठांना, फोन लावलाच. बाईंनी मार्गदर्शिका चाळली. भरलेल्या डासांच्या फॉर्मची फोनवरून फेरतपासणी करता येते, असं त्यात आहे म्हणे. पण उद्या ऑफिसात मोकळं कोणी नाही.

"तुझ्या आईंनी सराव केलाय ना?" बाई म्हणाल्या. "मग त्या प्रशिक्षितच."

म्हणजे उद्या फोन मीच लावायचा. परक्या माणसाला आपणहून फोन लावायचा म्हटलं की मला उचकी लागते. डासशास्त्री दहा मिनिटांत गप्प झाला तर? "काय हो, तुम्हाला एवढी काय पडलीय?" म्हणाला तर? शेजारी बारकीचे बाबा घोरताहेत, आणि मी वहीत एकवीस प्रश्न लिहून काढलेत. प्रत्येकी दोन मिनिटं धरली तरी पुरतील. एकविसावा प्रश्न आहे, "तुमच्या मते डासांना नेमकं काय हवं असतं?" या एकाच प्रश्नावर तो जेवणवेळेपर्यंत बोलेल.

कॉलेजात मी तर्कशास्त्र घेतलं होतं. ते कधी ना कधी कामाला येईल, असं सर म्हणायचे.

अकराला बारकी दार वाजवेल. पाच मिनिटं तिला बसू दे, पाणी पिऊ दे. अकरा वाजून पाच मिनिटांनी मी फोन लावणार आहे. उचकी लागली तर लागली.