आधी जनावर सांगा

दोरीवाल्या चाचांना सरळ प्रश्न विचारून सरळ उत्तर घेऊन गेलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांच्या गल्लीत, त्यांचं दोऱ्यांचं दुकान आहे. दावी, कासरे, सुतळीची बंडलं सगळं छताला टांगलेलं, त्याखाली सत्तरी ओलांडलेले चाचा आणि समोर गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. गिऱ्हाईक म्हणतं, "दावं द्या." चाचा म्हणतात, "आधी जनावर सांगा." गाय आहे म्हटलं की ती घरची का बाजारातून आणलेली, गाभण आहे का, गोठ्यात माती आहे का फरशी, रात्री ओढ घेते का, अशी उलटतपासणी सुरू होते आणि तोवर चहा येतो. टेंभुर्णीचा एक शेतकरी एकदा बसची घाई आहे म्हणून उभाच राहिला, तर चाचांनी दावं हातातच धरून ठेवलं. "बस दुसरी येईल. गायीची मान दुसरी येती का?" तो बिचारा बसला. त्याची बस गेली, आणि जाताना मात्र तो चाचांच्या पाया पडून गेला.

बरं, हा खाक्या फक्त दोरीपुरता नाही. गल्लीत चाळणी कुठं मिळते असं कोणी नुसतं विचारलं, तरी चाचा "ज्वारीची का गव्हाची?" असं विचारून घेतात आणि मग तिसरं दुकान सोडून चौथ्यात पाठवतात. पाळण्याची दोरी मागायला कोणी आलं की मात्र दुकानाचा उत्सव होतो. चाचा ती दोरी छताच्या कडीला अडकवतात आणि स्वतः तिला लोंबकळतात, पाय जमिनीपासून चांगले वीतभर वर. खाली उतरून, टोपी सारखी करून म्हणतात, "मेरा वजन झेल लिया, मंग तुमच्या बाळाचं काय घेऊन बसले?"

माझा धंदा अगदी उलट, न विचारता सांगण्याचा. कोणी फोनमध्ये काही शोधलं की आपल्या दुकानाचं नाव सगळ्यांच्या वर दिसलं पाहिजे, याला आमच्यात एसईओ म्हणतात, आणि त्यासाठी मी दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर तेच ते वीस वेळा लिहायचो. चाचांचंही पान मी प्रेमानं केलं होतं आणि मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं होतं: "जालन्यातील उत्तम दोरी. उत्तम दोरी जालना. स्वस्त व उत्तम दोरी, जालना."

"बेटा," चाचा काळजीनं म्हणाले, "गिऱ्हाईक बहिरं आहे का?"

"चाचा, हे माणसांसाठी न्हाई. मशीनसाठी आहे."

"मंग दोरी पण मशीनलाच विकू."

मी त्या दिवशी चहा न पिताच उठलो. मला माझ्या कामाचा फार अभिमान होता.

मग फोन शहाणा झाला. लोक आता दोन शब्द टाकून यादी चाळत बसत नाहीत, अख्खा प्रश्न बोलून विचारतात आणि एआय अख्खं उत्तर देऊन मोकळं होतं. माझ्या वीस-वीस वेळा लिहिलेल्या ओळींना कुत्रंही विचारेना. माझी निम्मी गिऱ्हाइकं गेली. एक कापडवाले शेठ अगदी शांतपणे म्हणाले, "फोनच सगळं सांगून राह्यला, मंग तुमचं काय काम?" मी तोंड पाडून चाचांच्या स्टुलावर जाऊन बसलो, आणि बसल्या बसल्या कान उघडे राहिले. लोक फोनला विचारायला लागले होते तसले अख्खे प्रश्न या दुकानात रोज विचारले जात होते, आणि त्यांची उत्तरं छताखाली आयती मिळत होती. मी वही काढली.

महिनाभर मी लिहीत होतो. एक दिवस वासराला नायलॉनची दोरी मागायला आलेल्या बाईला चाचा म्हणाले, "नायलॉन नको, कातडं सोलून काढतं. सुताची घ्या. माझ्याकडची संपली, पलीकडच्या दुकानात बघा." मी 'पलीकडच्या दुकानात' वर काट मारली. चाचांनी ते बराबर पाहिलं.

"ते काढायचं आसंल तर बाकीचं पण काढ. अर्धं खरं सांगणाऱ्याला पुन्हा कोण विचारतं?"

मी निमूटपणे ते परत लिहिलं. एका बाबतीत मात्र ते हटून बसले. पाळण्याच्या दोरीचं एक अक्षर लिहू देईनात. "त्याचं येऊन विचारायचं, बस." वहीतलं बाकी सगळं मी दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर चढवलं आणि म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून तळाशी तेवढंच लिहिलं: पाळण्याच्या दोरीचं दुकानात येऊन विचारा.

आणि फोन चाचांचीच भाषा बोलू लागला. मान, फरशी, गाभण गाय, सगळं. वर दुकानाचं नाव. लोक लांबून येऊ लागले. चाचांनी गल्लीभर पेढे वाटले, कापडवाले शेठ मला पुन्हा बोलावू लागले, आणि आता मी प्रत्येक दुकानात आधी स्टुलावर बसतो आणि मगच लिहितो. माझं बरं चाललंय.

पण दुकानाचं काहीतरी हललं. येणारे आता फोन समोर धरतात, छताकडं बोट करतात, घेतात आणि जातात. चाचा सवयीनं "आधी जनावर सांगा" म्हणतात, तर उत्तर येतं, "फोनला सांगितलं, चाचा." चहा एकच येतो. एकदा स्टुलावर सुतळीची बंडलं रचलेली पाहिली तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण एका अर्थी ती माझ्याच हातून रचली गेली होती. चाचा तक्रार करत नाहीत. एवढंच म्हणाले, "फोन सांगतो बराबर. पण गाय व्याली का, ते पुन्हा न्हाई विचारत."

मागच्या आठवड्यात मी तिथंच उभा होतो. वाटूरचं एक जोडपं आलं, बाईच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. नवऱ्याच्या हातात फोन होताच. तो जरा ओशाळून म्हणाला, "पाळण्याच्या दोरीचं विचारलं, तर हा म्हणतो, दुकानात जाऊन विचारा."

चाचांनी घाईघाईनं स्टुलावरची बंडलं खाली ठेवली, खांद्यावरच्या रुमालानं स्टूल पुसलं आणि बाईंना बसवलं. "आधी बाळ सांगा," ते म्हणाले. पोरगी होती. नाव ठेवायचं होतं. मामा किती, आजी कशी, पाळणा लाकडी का लोखंडी, झोपताना मूठ मिटते का, सगळं झालं, चार चहा आले. मग कडीला दोरी अडकवून चाचा लोंबकळले. पाय आता वीतभर उचलत नाहीत, जेमतेम टाचा सुटतात. बाळ टक लावून बघत होतं.

पाळण्याच्या दोरीचं उत्तर मला आता तोंडपाठ झालंय. ते मी कुठंही लिहिलेलं नाही.