रुमालाखालचा हात

इंदापूरच्या गुरांच्या बाजारात खुनी कसा सापडला, याच्या दोन कथा आजही सांगितल्या जातात. बारामतीकर म्हणतात, मी त्याला चेहऱ्यावरून ओळखले. इंदापूरकर म्हणतात, बैलाने त्याला शिंगावर घेतले. दोन्ही शुद्ध थापा. तो चेहरा मी पूर्वी पाहिलेलाच नव्हता, आणि बैल अखेरपर्यंत निवांत रवंथ करीत होता. त्याला पकडले ते मी, आणि तेही रुमालाखाली.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. दूरच्या एका शहरात दोन पंथांत दंगल पेटली होती. समेटासाठी झटणाऱ्या दोन वृद्धांपैकी एकाचा खून झाला; दुसरे आजोबा इंदापूरजवळच्या आपल्या मूळ गावी परतले आणि मारेकरी त्यांच्या मागावर निघाला. त्याची एकच खूण आमच्या पोलीस खात्याला ठाऊक होती: उजव्या हाताचे एक बोट अर्धे तुटलेले. आजोबांना घरात कोंडणे अशक्य. बैल पाहिल्यावाचून त्यांना आठवडा गोड लागत नसे. तेव्हा पोलिसाचा गणवेश उतरवून मी फेटा बांधला, सांगवीच्या एका शेतकऱ्याची खिलार बैलांची जोडी त्याच्यासकट मागून घेतली आणि गुरांचा दलाल होऊन बाजारात उभा राहिलो.

आजोबा जोडी न्याहाळत असताना एक परका माणूस त्यांच्या पाठीशी सरकला. उजवा हात उपरण्यात गुंडाळलेला. मला संशय आला. पण नुसत्या संशयावर चुकीचा माणूस धरला असता, तर खरा खुनी सावध झाला असता. एवढ्यात बाजारकरू दिसावे म्हणून त्याने डाव्या हाताने बैलाचा ओठ वर करून दात पाहिले. तिथेच तो फसला. आमच्याकडे दात पाहिले की भाव करावाच लागतो, आणि तोही तोंडाने नव्हे, रुमालाखाली बोटे दाबून.

"दात बघितलं न्हवं? घाला हात!" मी रुमाल पसरला.

"नको. नुसतं बघत होतो."

"नुसतं बघायला तुमी काय दातांचं डाक्टर हाय व्हय?" जोडीचा मालक कडाडला. भोवती हशा पिकला, माणसे गोळा झाली. परक्याने नाइलाजाने डावा हात पुढे केला.

तेव्हा खुद्द आजोबाच खवळले. "डाव्या हातानं सौदा? अशा देखण्या बैलाचा अपमान करता, पावणं? उजवा घाला!"

गर्दीतून निसटायला वाट नव्हती. उजवा हात रुमालाखाली आला. पहिले बोट धड, दुसरे धड, तिसरे मध्येच संपलेले. मी मनगट आवळले. त्याचा डावा हात कमरेच्या सुऱ्याकडे गेला, तोच मालकाने चाबकाचा दांडा हाणला आणि सुरा शेणात पडला.

"काय रं," आजोबा माझ्यावरच ओरडले, "गिऱ्हाइकाचा हात असा पिरगाळत्यात व्हय?"

मालकाने मारेकऱ्याला दाव्याने बांधले, तेव्हा मी कोण आणि तो कोणासाठी आला होता, हे मी त्यांना सांगितले. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात माझ्या रुमालाखाली सारला. "त्याचं झालं. आता माझ्याशी बोल."

त्यांनी दाबलेला भाव इतका हलका होता की, जोडी माझी नसूनही मला संताप आला.