ताईसाठी रक्त द्यायला जबलपूरला

जबलपूरला लोक धबधबा बघायला जातात. मी गेले ते ताईचं गर्भाशय काढायचं होतं म्हणून. गाठी होत्या, कॅन्सर नव्हता. पण महिन्यातले निम्मे दिवस अंगावरून जायचं. तिने कुणाला सांगितलंच नव्हतं.

नागपूरहून सकाळची बस घ्या. खवासानंतरचं जंगल सुरेख आहे म्हणतात, मी ते झोपेत पार केलं. सिवनीला पोहे बरे मिळतात. जबलपुरात ऑटोत बसण्याआधी भाव ठरवा, माझ्यात घासाघीस करायचं त्राण नव्हतं.

दवाखाना नेपियर टाउनमध्ये. बाकावर सगळ्या चाळिशीच्या, पिवळ्या पडलेल्या बायका. शेजारची म्हणाली, "लड़की की शादी निपट जाए, फिर निकलवा लूँगी." ताईनेही मुलाची बारावी होईपर्यंत कळ काढली होती.

"काहून आली तू एवढ्या दूर?" ताई मला म्हणाली. "मी काय मरून राहिली?"

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रक्त चढवल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि बदल्यात घरच्यांनी द्यायचं. भाऊजी इन्सुलिनवर. मग मीच बाह्या सरसावल्या.

रक्तपेढीतल्या बाईने बोट टोचून थेंब निळ्या पाण्यात सोडला. तो बुडायला हवा होता. वरच तरंगत राहिला.

"दीदी, आपका नहीं चलेगा. खून बहुत कम है. महीना ज़्यादा आता है क्या?"

"हमारे घर में सबको ज़्यादा ही आता है," मी सांगितलं. उंची सांगावी तसं. आमची आई हेच म्हणायची, आजीही.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला आधी लाज वाटली, मग आईचा राग आला, मग आईचीच दया.

शेवटी भाऊजींच्या कारखान्यातल्या मित्रांनी रक्त दिलं. ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी संध्याकाळी भाऊजींनी मला नर्मदेवर ग्वारीघाटला नेलं. दिवे, फुलं, नावा, सगळं छान. पण पायऱ्या चढताना मला मध्येच बसावं लागलं. भाऊजींनी ते ताईला सांगितलं.

"कधीपासून सहन करून राहिली तू?" टाके धरून ताईने विचारलं.

"मार्चअखेर होऊ दे, ऑफिसात काम आहे. मग दाखवते."

"चलो, म्हणजे तूही त्याच बाकावर येऊन बसशील!" ती हसली नाही. रडली.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, काय काय पाहिलंस? मी म्हटलं, उद्या सुट्टी टाक, मला डॉक्टरकडे जायचंय, आणि सगळं सांगितलं.

"आधी का नाही बोललीस?"

काय बोलणार? हे दुखणं आहे, हेच मला माहीत नव्हतं.