चाकांची खुर्ची आणि शाळेचं गेट

सार्थक सात वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. पण त्याच्याविषयी बोलायला चाकणकडच्या निघोज्याजवळच्या वस्तीवर माणसांची कमतरता नव्हती. पिंपरीच्या डॉक्टरांनी अनिताला नीट समजावलं होतं, की हा ऑटिझम आहे, आजार नव्हे. पोराच्या कलाने घ्यायचं, घाई करायची नाही. वस्तीला हे पटण्यासारखं नव्हतं. कुणाच्या मते अनिताने ग्रहणात भाजी चिरली होती, कुणाच्या मते पोराला फार मोबाईल दाखवला होता. एरवी या दोन पक्षांचं कशावरच जमत नसे, पण चूक आईची यावर एकमत होतं.

"बाप सुटला बघ," सासू कुशाबाई म्हणायची. "त्यो कंपनीत ओव्हरटाइमला व्हता ना!"

अनिताला वादात रस नव्हता. तिचं अडलं होतं ते एका गेटावाचून. सार्थकला फिरणारी चाकं फार आवडत, आणि शाळेसमोरच्या रस्त्याने दिवसभर नव्या मोटारी लादलेले लांबच लांब ट्रेलर जात. चाक दिसलं की पोरगं निघालं. शाळेच्या कुंपणाला गेटाची जागा होती, खांब होते, फक्त गेट नव्हतं. एकदा तो थेट ट्रेलरच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला म्हणून निभावलं.

"ताई, पोरगं मला जड नाही, रस्ता जड आहे," एकट्याने दोन वर्ग सांभाळणारे निरंजन सर म्हणाले. "गेट बसेपर्यंत त्याला घरी ठेवा." गेटाचा अर्ज सरांनी वर पाठवलेला होता. वर गेलेलं काही खाली येत नाही, एवढा त्यांचा नोकरीतला अनुभव होता.

म्हणून अनिता विक्कीभाऊंकडे गेली. विक्कीभाऊ हे जिल्हा परिषदेचे भावी सदस्य. गेली कित्येक वर्षं ते भावीच होते. दर वाढदिवसाला चौकातला फ्लेक्स वाढायचा आणि त्यावरचा गॉगलही.

"बोला वहिनी, काय अडचण?"

"भाऊ, पोराला ऑटिझम आहे. शाळेला गेट हवंय."

यातलं पहिलं वाक्य भाऊंना कामाचं वाटलं, दुसरं त्यांच्या कानापर्यंत पोचलं नाही. "म्हणजे दिव्यांगच ना? झालं म्हणून समजा!"

रविवारी भाऊंच्या दिव्यांग साहित्य वाटपाचा मंडप उभा राहिला, डीजे लागला आणि सार्थकचं नाव पुकारलं गेलं. स्टेजवर चाकांची खुर्ची होती. तिच्या पाठीवर भाऊंचा हात जोडलेला फोटो.

"भाऊ, तो चालतो हो," अनिता गोंधळून म्हणाली.

"चालू द्या की! फोटोपुरतं बसवा."

"चालतो कसला, पळतोय त्यो!" कुशाबाई पुढच्या रांगेतून ओरडली. "आरं विक्या, त्याला धराय मानूस दे. खुर्ची कशापायी?"

डीजेमुळे सार्थकने दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते. मग त्याची नजर चाकांवर गेली. कान सोडून त्याने खुर्ची उलथी केली, शेजारी मांडी घातली आणि चाक फिरवलं. एवढा आनंदाचा चेहरा त्या मंडपात दुसरा नव्हता. मागे हार घेऊन उभे असलेले भाऊ कुणाच्या गळ्यात तो घालावा या विचारात राहिले.

लोक हसले. अनिता हसली नाही. सोमवारी सकाळी तिने ती खुर्ची शाळेत नेली, दोन खांबांच्या मध्ये उलथी केली आणि साखळीने दोन्हीकडे करकचून बांधली. सार्थक आतल्या बाजूने चाक फिरवत बसला. निरंजन सरांनी बऱ्याच दिवसांनी रस्त्याकडे न बघता शिकवलं. बाहेरच्या बाजूला मात्र फोटोतले भाऊ हात जोडून, डोकं खाली पाय वर. शिफ्टच्या बसगाड्या त्याच रस्त्याने जात होत्या आणि प्रत्येक खिडकीत एक मोबाईल होता.

संध्याकाळी भाऊ धापा टाकत आले. "वहिनी, सगळ्या चाकणला मी उलटा दिसतोय! सोडा ती खुर्ची. परवा शेजारच्या गावात वाटप आहे."

"हीच वाटणार?"

भाऊंनी गॉगल पुसला.

"गेट आणा आणि खुर्ची न्या," अनिता म्हणाली.

जे गेट सरकारला सापडत नव्हतं, ते भाऊंना दुसऱ्याच दिवशी सापडलं. त्यावर शाळेचं नाव लहान आणि भाऊंचं मोठं होतं. अनिताने तक्रार केली नाही. कडी मजबूत आहे का, तेवढं हलवून पाहिलं. तिला नाव नको होतं, कडी हवी होती.

उद्घाटनाला भाऊंनी बाहेरून फीत कापली. समोरून चांगला फोटो यावा म्हणून फोटोवाला आधीच आत येऊन उभा होता. भाऊ आत येणार, तेवढ्यात रस्त्यावरून ट्रेलर आला. सार्थक उठून धावला. अनिताने गेट ओढलं आणि कडी सरकवली. पोरगं गेटाशी येऊन थांबलं. गजांना गाल टेकून त्याने शेवटचं चाक नजरेआड होईपर्यंत पाहिलं आणि मग तो आपण होऊन वर्गात परतला. अनिता कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"वहिनी, उघडा की, फोटो राहिलाय," भाऊ गज धरून म्हणाले.

"शाळा भरलीय, भाऊ. सुटल्यावर या."

फोटोवाल्याने बिचाऱ्याने जसं दिसत होतं तसं टिपलं: भाऊ, गॉगल आणि पुढे गज.

"पुसू नगंस रं बाबा त्यो," कुशाबाई त्याला म्हणाली. "झ्याक आलाय. आता लाव म्हणावं चौकात!"