बायको निघाली झांबियाला

तीन आठवड्यांपूर्वी रविवारी उपासनेनंतर सगळ्या मंडळीने माझ्या बायकोसाठी टाळ्या वाजवल्या... आणि मी शेजारी उभा राहून हसण्याचं नाटक करत होतो.

शीला इथे दिल्लीतल्या एका हॉस्पिटलमध्ये बायोमेडिकल इंजिनिअर आहे. म्हणजे बंद पडलेली मशिन्स दुरुस्त करते. आता रजा काढून ती झांबियातल्या एका मिशन हॉस्पिटलमध्ये हेच काम करायला आणि तिथल्या लोकांना शिकवायला निघाली होती.

खरं तर जायचं होतं मला. नगरला संडे स्कूलमध्ये असल्यापासून... मिशनरी व्हायचं, दूर देशी जायचं. झालो केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर.

मध्यंतरी काही संस्थांना मेलही केले होते. उत्तरं फार प्रेमळ आली. डॉक्टर हवेत, नर्स हव्यात, पाण्याची कामं जाणणारे इंजिनिअर हवेत... फायलींवर सुरेख टिपणी लिहिणारा माणूस मात्र कोणालाच नको होता.

आणि शीलाने 'पाचारण', म्हणजे देवाचं बोलावणं, हा शब्द कधी उच्चारलाही नव्हता. चर्चच्या जेवणात झांबियाहून आलेले एक पाहुणे डॉक्टर सांगत होते, तिकडे दान आलेली मशिन्स धूळ खात पडलीयत. शीला पुलावाची प्लेट हातात धरून म्हणाली, "मी येऊन बघू का?" बस. एवढंच!

"तुम्हाला किती अभिमान वाटत असेल ना?" सगळे मला विचारायचे. मी "बिल्कुल" म्हणायचो, आणि घरी येऊन टीव्ही मोठ्याने लावायचो.

त्यानंतरच्या मंगळवारी ऑफिसमधून आलो तर ती जमिनीवर बसून बॅग भरत होती. सरोजिनी नगरच्या बाजारातून आणलेल्या टी-शर्टांमध्ये मशिन्स तपासायचा मल्टिमीटर गुंडाळत होती. वर न बघताच म्हणाली,

"तू रोज जेवणाआधी प्रार्थना करतोस. तुझ्या बॉसच्या गुडघ्यासाठी केलीस. शेजारच्यांच्या कुत्र्यासाठी केलीस. माझ्या प्रवासासाठी एकदाही नाही."

माझ्या तोंडातून निघूनच गेलं... "मला जायचं होतं गं. तू तर कधी मागितलंही नव्हतंस."

"माहितीय मला. जळतोयस तू. मग जळत जळत कर, पण कर ना यार... मी इतक्या लांब एकटी कधी गेले नाहीये. भीती वाटतेय मला."

भीती! इतके दिवस तिच्यासमोर बसून जेवत होतो, आणि हे मी तिला विचारलंच नव्हतं.

तिथेच, त्या पसाऱ्यात बसलो. "प्रभू, मला हिचा हेवा वाटतो. खूप वाटतो. तरी हिला सांभाळ." ती हसत होती की रडत होती, कळलं नाही. पण 'आमेन' मात्र जोरात म्हणाली.

आज तिचा मेसेज आला. तिथलं ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन चालू झालं, उद्यापासून ऑपरेशन्स होतील. सोबत फोटो... कपाळाला ग्रीस, आणि लग्नातसुद्धा नव्हती इतकी खूश.

फोटो बघून जळलोच. खोटं कशाला बोलू? मी तिला तसं कळवलं. तिचं उत्तर आलं, "जळ की. पण मला सांगत जा."

हेवा गेलेला नाही माझा. तो मला एकट्याला लपवत बसावं लागत नाही, एवढ्यासाठी देवाचे आभार... आणि शीलाचेही.