एकतीस वर्षांचे पेले आणि एक आडवी काठी

डॉक्टरांनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, एक वाक्य लिहा. कुठलंही चालेल."

मी साताऱ्याच्या शाळेत चौतीस वर्षे इंग्रजी शिकवले. हजारो मुलांना मी हेच सांगितले असेल. त्यामुळे मला हसू आले. आज सकाळी आम्ही साताऱ्याहून सांगलीला गाडीने आलो, असे मी इंग्रजीत लिहिले. डॉक्टरांनी कागद माझ्याकडे वळवला. "आता पहिला शब्द बघा आणि शेवटचा बघा."

पहिला शब्द माझा होता. शेवटचा मुंगीएवढा होता. मला तो चष्म्यातूनही नीट वाचता येईना.

मग त्यांनी मला अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला सांगितले, खुर्चीतून उठून दारापर्यंत चालायला लावले, मनगट धरून हात हलवून पाहिला. शेवटी म्हणाले, "पार्किन्सन्स डिसीज."

रूथ, अमोल, तुम्ही मेलबर्नहून फोन करता तेव्हा मी "बरी आहे" म्हणते आणि विषय तुमच्या परीक्षांकडे नेते. ते काही खरे नाही. म्हणून हे सगळे क्रमाने लिहून पाठवते आहे. तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी हा आजार आला, तर त्यांनाही वाचायला द्या.

आधी आजाराबद्दल. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे एक रसायन तयार होते. शरीराच्या हालचाली सुरळीत व्हाव्यात म्हणून ते लागते. ते बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, तसा हात थरथरतो, अंग ताठरते, अक्षर बारीक होते. बारीक अक्षराला मायक्रोग्राफिया म्हणतात आणि हालचाली मंदावण्याला ब्रॅडिकायनेशिया. एमआरआय काढतात तो दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. हा आजार ओळखतात तो मुख्यतः डॉक्टरांच्या नजरेने.

"बरा होतो का?" तुमच्या आजोबांनी डॉक्टरांना विचारले.

"मुळापासून नाही. पण सांभाळता येतो. पुष्कळ वर्षं चांगली जातात."

मी विचारले, "माझा उजवा हात किती दिवस टिकेल? मला पेले भरायचे असतात."

"कसले पेले?"

"महिन्याच्या पहिल्या रविवारचे," तुमचे आजोबा म्हणाले. "डॉक्टर, तिला भात सोडायला सांगा, चहा सोडायला सांगा, मला सोडायला सांगा. ते पेले सोडायला सांगू नका."

तुम्ही लहानपणी आपल्या चर्चमध्ये ते पेले पाहिले आहेत. अंगठ्याएवढे काचेचे पेले, दोन थाळ्यांत मिळून चौऱ्याऐंशी. प्रभुभोजनात येशूच्या आठवणीने सगळ्यांना भाकर आणि द्राक्षरस देतात. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी तासगावच्या काळ्या मनुका भिजत घालते. दुपारी त्या उकळून मलमलच्या फडक्यातून रस गाळते. मग संध्याकाळी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या मागच्या लहान खोलीत बसून, बारीक तोटीच्या किटलीने प्रत्येक पेला पाऊण भरते. पाऊणच. काठोकाठ भरला तर देताना सांडतो. एकतीस वर्षे हे काम मी एकटीने केले. प्रभूने मला काही मोठे दान दिले नाही, गळा नाही, भाषणाची कला नाही, पण एक स्थिर हात दिला आहे, असे मी मानत असे. त्या हाताची सेवा हीच माझी ओळख होती. तोच हात आता जाणार होता.

मी चर्चमध्ये कुणाला काही सांगितले नाही. थरथर दिसली की "वाताचा त्रास आहे" म्हणायचे. आमच्या भगिनी मंडळातल्या विमलताई पूर्वी शिवणकाम शिकवायच्या. त्या दर महिन्याला विचारायच्या, "बाई, एक थाळा मी भरू का?" मी म्हणायचे, "नको. तुम्ही काठोकाठ भरता."

लेव्होडोपाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. शरीरात गेल्यावर या गोळीचे डोपामिन होते. गोळी घेतली की तासाभरात हात शांत व्हायचा. मी तक्ता केला होता, वेळ लिहून समोर खूण करायची. शाळेतल्या हजेरीसारखा. दीड वर्ष त्या तक्त्यात एक चूक नाही. मग एका शनिवारी हात ऐकेना. पेले एकमेकांवर आपटू लागले. मी स्वतःच्या मनाने एक गोळी जास्त घेतली आणि थोड्या वेळाने आणखी अर्धी. सेवेसाठी घेते आहे, प्रभू सांभाळून घेईल, असे मी स्वतःला सांगितले. मुलांनो, ही श्रद्धा नव्हती. हा हट्ट होता आणि मी त्याला श्रद्धेचे कपडे घातले होते.

भरलेला थाळा उचलून उठले, तोच रक्तदाब एकदम खाली गेला आणि मी पडले. डाव्या हाताचे मनगट मोडले. बेचाळीस पेले फुटले.

विमलताई वेदीसाठी फुले घेऊन आल्या होत्या, त्यांनी मला उचलून बसवले. पदराने माझ्या साडीवरचा रस टिपत म्हणाल्या, "बाई, हा वात नाही. माझ्या सासऱ्यांना हेच होतं. मला वर्षभरापासून कळलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्याशी बोलायची सोय आहे का?"

साताऱ्यात प्लास्टर घातले आणि गोळ्यांचे प्रमाण पुन्हा बसवण्यासाठी सांगलीच्या डॉक्टरांनी मला दाखल करून घेतले. आठ दिवस. त्यांनी रागावून सांगितले ते जसेच्या तसे लिहिते. "एक गोळीही स्वतःच्या मनानं वाढवायची नाही आणि कमीही करायची नाही. शिकलेली माणसंच हे जास्त करतात."

पहिले काही दिवस मी प्रार्थनाही केली नाही. काय मागायचे ते कळत नव्हते. आपल्या चर्चच्या पाळकांनी भेटायला येऊन प्रार्थना केली, मी फक्त आमेन म्हटले. ज्याचा आता उपयोग उरला नाही अशा माणसाला देव कशासाठी ठेवतो, हा एकच विचार डोक्यात होता.

तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपीला, म्हणजे व्यायामाच्या उपचाराला, खाली नेले. खोलीच्या दारात पोहोचले आणि माझे पाय जमिनीला चिकटले. खरोखर चिकटले. वरचे अंग पुढे जायला बघते आहे आणि पाय जागचे हलत नाहीत. याला फ्रीझिंग ऑफ गेट म्हणतात. चालता चालता, विशेषतः दारात किंवा अरुंद जागी, पाय गोठतात. तुमचे आजोबा मागून "अगं, चल ना, चल" म्हणत होते. जितके ते म्हणत, तितके पाय घट्ट.

"आवं, तेंस्नी ढकलू नगा!" आतून एक बाई ओरडली.

सत्तरीची, काटक, कपाळावर मोठे कुंकू, हातात तेल पाजून काळी झालेली काठी. ती उठून आली आणि तिने ती काठी माझ्या पावलांपुढे जमिनीवर आडवी ठेवली.

"हिच्यावरनं पाय टाका. दुसरं कायबी बघू नगा."

मी काठीकडे पाहिले आणि पाय उचलला. तो उचलला गेला! दुसराही गेला. मी खोलीच्या आत होते.

तिचे नाव हौसाबाई. आटपाडीकडची धनगर. तिच्या नवऱ्याला नऊ वर्षांपासून हाच आजार, तोही याच दवाखान्यात दाखल होता. नवरा कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता, चेहऱ्यावर काही हालचाल नाही, पण डोळे आमच्याकडे. मी विचारले, हे तुम्हाला कुणी शिकवले?

"शिकवतंय कोन? मेंढरं वाघरीत कोंडताना दाराशी काठी आडवी धरायची, म्हंजी एकेक उडी मारून आत जातंय, मोजाय बरं. ह्ये आमचं म्हातारं एकदा दारात आडलं. ढकललं तर पडलं. म्हनलं, मेंढराला चालतंय तर ह्येला का चालू न्हाई? टाकली काठी. मारली की हो उडी!" आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "व्हय न्हवं?" म्हाताऱ्याचा एक ओठ किंचित हलला. वाघर म्हणजे मेंढ्या रात्री कोंडायची जाळी, हे मला तिनेच समजावले.

फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "मॅडम, याला आम्ही व्हिज्युअल क्यू म्हणतो. डोळ्यांना खूण मिळाली की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय उचलतो. आम्ही हे कॉलेजात शिकलो. या आजी आमच्याआधीपासून करतायत."

पुढचे पाच दिवस मी हौसाबाईला पाहत होते. नवऱ्याला न्हाऊ घालणे, घास भरवणे, दाढी करणे. प्रत्येक कामात काहीतरी थट्टा. एकदा दाढी करताना म्हणाली, "लगीन झालं तवा माझ्याकडं बघायला लाजत व्हता. आता बघ की, कुटं पळतोस!" लिहायला-वाचायला येत नाही. आणि मी मात्र दीड वर्ष एक थरथर लपवण्यात घालवले होते.

एक दिवस तिने विचारले, "तुमी किरिस्ताव न्हवं? तुमचा द्येव मेंढरं राखीत व्हता म्हनं."

"तो स्वतःला मेंढपाळ म्हणवतो," मी म्हणाले.

"मग त्येला म्हाईत असनारच की. आडलेलं मेंढरू मारून चालत न्हाई. त्येच्या म्होरं कायतरी आडवं टाकावं लागतंय."

मी रविवारच्या शाळेत वीस वर्षे चांगल्या मेंढपाळाचा धडा शिकवला. फळ्यावर मेंढरू काढायचे, मुले कापूस चिकटवायची. आयुष्यात मी एकही मेंढी हाताळली नव्हती. त्या संध्याकाळी मी दाखल झाल्यापासून पहिल्यांदा प्रार्थना केली. माझ्या पडण्याला मी शिक्षा समजत होते. ती वाटेत आडवी ठेवलेली काठी असेल, तर प्रभो, पाय उचलायला मदत कर, एवढेच म्हटले.

आणि त्याच आठवड्यात मला एक काम मिळाले. डॉक्टर राउंडला येऊन हौसाबाईला भराभर सांगून गेले, "प्रोटीनबरोबर डोस देऊ नका." तिने मान हलवली आणि सवयीप्रमाणे गोळी दुधाबरोबर दिली. नऊ वर्षे ती ताकद यावी म्हणून दुधाबरोबरच देत होती. मी तिला बसवून सांगितले की दूध, डाळ, अंडे यांच्याबरोबर घेतली तर ही गोळी नीट लागू पडत नाही. म्हाताऱ्याला जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर द्यायची. डॉक्टरांना विचारून खात्रीही करून घेतली. तिला वाचता येत नाही म्हणून तक्ता चित्रांचा केला, उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, मावळता सूर्य. माझ्या थरथरत्या हाताने काढलेले सूर्य जरा केसाळ झाले.

तक्ता दिल्यापासून तिसऱ्या दिवशी ती सांगत आली, "बाई, लय फरक पडला! सकाळी सोताहून उटून बसलं म्हातारं."

हात गेला होता, पण इंग्रजी शाबूत होते आणि मराठीत सांगायला तोंडही. आता महिन्यातून दोनदा, माझ्या तपासणीच्या निमित्ताने आणि एरवीही, मी सांगलीला त्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसते. नवीन माणसे चिठ्ठी हातात घेऊन बावरलेली असतात. मी त्यांना शब्द समजावते. डॉक्टरांनी मला परवानगी दिली आहे, एका अटीवर, की डोस मी सांगायचा नाही!

आता पेल्यांचे. घरी परतल्यावर, पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी, मी विमलताईंना बोलावले आणि किटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, पण भरायला लागेनात. "बाई, तुम्ही शेजारी बसा," म्हणाल्या. मी बसले. त्यांनी नवे-जुने सगळे पेले काठोकाठ भरले. मी तोंड बंद ठेवले. तुमचे आजोबा म्हणतात की माझ्या आयुष्यातला हा खरा चमत्कार.

रविवारी वेदीपुढे जायची माझी रांग आली. तीन पावले उरली होती आणि पायरीशी माझे पाय गोठले. सगळी मंडळी पाहत होती. ज्यांच्यापासून मी दीड वर्ष लपवले, ते सगळे. पाळक थांबले, पेटी वाजायची थांबली. मागून तुमच्या आजोबांनी काही न बोलता त्यांची काळी छत्री माझ्या पावलांपुढे आडवी ठेवली. मी छत्रीकडे पाहिले, पाय उचलला आणि पलीकडे गेले.

विमलताई थाळा घेऊन आल्या. मी पेला उचलला, तो काठोकाठ भरलेला, आणि माझा हात सुरू झाला. त्यांनी एका हाताने थाळा सावरला, दुसऱ्या हाताने माझ्या बोटांवर बोटे धरली आणि पेला माझ्या ओठांना लावला. एकतीस वर्षे मी पेले भरले. मला कुणी पाजण्याची ही पहिली वेळ. त्यात मला प्रभूची कृपा जेवढी कळली, तेवढी भरताना कधी कळली नव्हती.

जागेवर येऊन मी मागे पाहिले. आजोबांनी छत्री केव्हाच उचलून घेतली होती. पण माझ्या मागून येणारी माणसे त्या जागी आली की प्रत्येक जण पाय उंच उचलून पलीकडे टाकत होता. आमचे निवृत्त सुभेदारसुद्धा! मला हसू आवरेना. प्रभुभोजनात हसल्याबद्दल प्रभू मला क्षमा करो.

संध्याकाळी हौसाबाईला फोन करून हे सांगितले. ती म्हणाली, "मेंढरंबी अशीच. म्होरलीनं उडी मारली की काठी काडली तरी मागल्या मारत्यातच. तवा तुमी नीट पाय उचलीत जावा, बाई. मागनं कोन येतंय, आपल्याला कुटं दिसतंय?"

रूथ, अमोल, माझे अक्षर आता रेघांच्या वहीत बरे येते. दोन रेघांमध्ये लिहायचे ठरवले की ते मुंगीएवढे होत नाही. हे पानही मी तसेच लिहिले आहे, दर ओळीला एक रेघ आडवी घेऊन. तुम्ही माझ्यामागून येणारे आहात. दूर आहात म्हणून मला दिसत नाही, पण प्रभूला दिसता. म्हणून मी रोज सकाळी गोळी घेते, खूण करते आणि दारातून बाहेर पडताना पाय नीट उचलते.