फूल, फुल आणि नानांचा टँकर

दूध आटलं की दूध संस्थेत काय साठतं? किस्से! त्या दुष्काळात आमच्याकडे कॅन उपडे पडलेले आणि संचालक मंडळ खुर्च्यांवर पसरलेलं. काम नाही म्हणून प्रत्येक जण बोलायचा, आणि बोलला की किस्सा व्हायचा. मी तिथे क्लार्क. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, त्यामुळे साहेबलोकांचं इंग्रजी उलगडून सांगायचं कामही माझ्याच गळ्यात.

यातले बहुतेक किस्से एकाच शब्दाचे आहेत. इंग्रजीतला फूल, म्हणजे मूर्ख. आपल्याकडे फुलाचा हार करतात, आणि टँकर भरला की तो फुल होतो. चेअरमन नानांच्या तोंडात तिन्ही एकच.

आधी एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गावाला पाणी देणारा टँकर आमच्या संस्थेच्या ताब्यात होता. माजलगावच्या बाजूने भरून यायचा, पाटील गल्लीत थांबायचा, पेठेत थांबायचा, आणि आमच्या वस्तीच्या वळणावर आला की नानांच्या मोसंबीच्या बागेकडे निघून जायचा. वस्तीतल्या बायका नदीच्या पात्रात झिरे उकरून वाटीवाटीने हंडे भरत होत्या. नानांना विचारलं की ते म्हणायचे, "रस्ता अरुंद हाय पोरी, टँकर वळत न्हाई."

बागेचा रस्ता त्याहून अरुंद होता.

*

तालुक्याहून एक साहेब पाहणीला आले. जाताना नानांना म्हणाले की वाटपाची योजना एकदम फूलप्रूफ करून पाठवा.

नानांनी मान डोलावली. साहेबांची जीप गेल्यावर मला विचारलं, "प्रूफ म्हंजी पुरावा ना?" मी हो म्हटलं. पुढचं विचारलं असतं तर पुढचंही सांगितलं असतं.

आठवड्याने योजना तालुक्याला गेली. सोबत एक फोटो. झेंडूच्या माळांनी मढवलेला टँकर, शेजारी नाना, आणि खाली ओळ: "फुलाचा पुरावा जोडला आहे."

साहेबांनी योजना मंजूर केली. या दोघांतला फूल कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

एकदा भर बैठकीत आमच्या व्हाईस चेअरमन बप्पांना ज्ञानाची भूक लागली. त्यांनी विचारलं, "त्या लांब कागदाला फूलस्केप कावून म्हणतात गं?"

मी खरं ते सांगितलं. जुन्या काळी इंग्रजांच्या त्या कागदात विदूषकाच्या टोपीचं चित्र उमटवलेलं असायचं. फूल्स कॅप. मूर्खाची टोपी.

नानांच्या पुढ्यात फूलस्केप कागद, हातात पेन, डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. सगळे आधी कागदाकडे बघत होते. मग हळूहळू नजरा वर सरकायला लागल्या.

नानांनी पेनाला टोपण लावलं. "उद्यापासून आखूड कागद आणा."

बप्पा माझ्याकडे झुकून पुटपुटले, "कागद बदलून काय व्हतंय."

*

नानांचा एक पुतण्या आहे. मोटारसायकल, काळा चष्मा, आणि डोक्यात सगळा मोबाईल. आमच्या वाटणीच्या पाण्यावर बागेला झकास बहर आला, तेव्हा नानांना वाटलं बागेला इंग्रजी नाव पाहिजे. 'फुलांचा स्वर्ग' या अर्थाचं. पुतण्याने स्वतः बोर्ड रंगवून घेतला: फूल्स पॅराडाईज.

फाटकावर ठोकण्याआधी नानांनी मला स्पेलिंग तपासायला लावलं. मी अक्षर न् अक्षर तपासलं.

"अगदी बरोबर आहे नाना," मी म्हटलं.

*

एक एप्रिलला सकाळीच हा पुतण्या वस्तीतून बोंबलत गेला, "टँकर आला, टँकर आला!"

बायका हंडे, कळशा, ड्रम घेऊन रस्त्यावर. सगळ्यांत पुढे शांतामावशी. तिच्या सुनेचे दिवस भरत आलेले, तीही पोट सावरत रांगेत. ऊन डोक्यावर आलं तरी टँकर नाही. शेवटी मावशी ऑफिसात विचारायला आली.

नाना हसले. "एप्रिल फूल केलं पोरानं. एवढी गंमत कळत न्हाई व्हय तुमाला?"

मग सगळं संचालक मंडळ हसलं. वयाने मोठी माणसं, म्हणून ज्यांच्यासमोर आम्ही मान खाली घालून बोलायचं, ती सगळी.

मी तिथेच राजीनामा लिहायला घेतला. मावशीने मला हाताला धरून बाहेर नेलं.

"राजीनामा नको लिहू. आत बसून ऱ्हा. फकस्त मला एक सांग, नाना भाषण किती वेळ करतेत?"

"माईक हातात असेपर्यंत."

"मंग झालं," मावशी म्हणाली.

*

पुढच्याच आठवड्यात वस्तीने नानांचा जाहीर सत्कार ठेवला. विहारासमोर मांडव, लाउडस्पीकर, पेपरवाला. मावशी स्वतः आमंत्रण द्यायला आली. नानांच्या पाठीमागे भरलेला टँकर उभा असला तर पेपरातला फोटो लई शोभून दिसेल, असंही तिने सुचवलं.

नानांना पटलं. रस्ता त्या दिवशी रुंद झाला.

टँकर मांडवाच्या मागे लागला. फोटो निघाला. ड्रायव्हर रफिकला एका घरात आग्रहाने जेवायला बसवलं, आणि नाना सुरू झाले. सहकार, त्याग, थेंबाथेंबाचं मोल. तोंड बायकांकडे, पाठ टँकरकडे.

चारपाच बायका उठायच्या, मांडवामागे जायच्या, थोड्या वेळाने परत येऊन बसायच्या. मग दुसऱ्या उठायच्या. परत येताना प्रत्येकीचा पदर ओला, तोंड ओलं. नानांना वाटलं, भाषण काळजाला भिडलं. त्यांनी आपलं बालपण काढलं.

बालपण संपत आलं तेव्हा रफिक हात धुवायला टँकरच्या तोटीपाशी गेला, आणि तसाच उष्ट्या हाताने स्टेजवर धावला. सांगायचं होतं नानांच्या कानात, पण मधे माईक होता.

"नाना, टँकर रिकामा हाय."

सगळ्या वस्तीने ऐकलं. नानांनी वळून टँकरकडे पाहिलं. मग बायकांच्या ओल्या पदरांकडे. मग पेपरवाल्याकडे, जो पेन उघडून बसला होता. बायकांनी आपल्याला गंडवलं, हे उद्या जिल्ह्याने वाचायचं?

नानांनी घसा खाकरला. "हे पाणी म्या वस्तीसाठीच आणलं व्हतं."

टाळ्यांचा कडकडाट! शांतामावशी उठून उभी राहिली. "लिहून घे रे दादा. नाना म्हणलेत, आता रोज."

नानांनी हात जोडले. दुसरं काय करणार?

रफिक अजून तिथेच. "मंग बागेचं काय करू, नाना?"

"गप बे, फूल!"

माईक चालूच होता. पेपरवाल्याने मान वर केली. "शेवटचं काय म्हणले?"

"फुल," शांतामावशी म्हणाली. "लिही. रोज एक टँकर, फुल."